नागपूरचा उन्हाळा आणि आपलं शरीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्णता शरीरात नेमकं काय करते यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरंच नवं संशोधन झालं. पंखा कधी उपयोगाचा, ओआरएस कधी घ्यायचं, इन्सुलिन माठात ठेवलं तर चालतं का, यांची उत्तरं आता मोजमापांवरून देता येतात. यातलं बरंचसं संशोधन परदेशातल्या प्रयोगशाळांत झालं आहे. त्यामुळे नागपूरच्या कोरड्या मे महिन्याला आणि दमट जुलैला ते कसं लागू पडतं, हे प्रत्येक उत्तरात वेगळं सांगितलं आहे.

४५ अंशांत शरीर तग कसं धरतं?

घामाच्या जोरावर. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की शरीरातली उष्णता हवेत जात नाही, उलट हवेतली उष्णता शरीरात शिरते. मग उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. एक लिटर घाम अंगावर वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम नुसता ठिबकून खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत: घाम येतो का, आणि आलेला घाम वाळतो का.

मग जुलैत ३२ अंशांतही जीव का कासावीस होतो?

कारण हवेत घाम वाळायला जागाच नसते. हे मोजायला ‘ओल्या फडक्याचं तापमान’ वापरतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा सोडला की पारा जिथवर उतरतो ते हे तापमान. मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ते जेमतेम २४ येतं. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तेच २८ च्या वर जातं. म्हणून पावसाने उघडीप दिलेला दमट दिवस मेच्या दुपारपेक्षा जास्त गुदमरवतो.

पूर्वी मानवी शरीराची मर्यादा ओल्या फडक्याचे ३५ अंश मानत. २०१० मध्ये मांडलेला तो सैद्धांतिक आकडा होता. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांना बंद खोलीत बसवून, हलकी हालचाल करायला लावून मोजमाप केलं. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीराचं आतलं तापमान आवरेनासं झालं. कोरड्या, फार गरम हवेत ती मर्यादा आणखी खाली, २५ ते २८ दरम्यान निघाली. कोरड्या हवेत घाम झटकन वाळतो हे खरं, पण घामग्रंथी तासाला किती घाम गाळू शकतील यालाही सीमा असते. ही मर्यादा तिशीच्या आतल्या निरोगी लोकांची आहे, हे विसरू नका. सत्तरीतल्या माणसाची त्याहून कमीच असणार.

पेपरमध्ये आलेला आकडा खरा मानायचा का?

हवामान खात्याचं तापमान सावलीतल्या, हवेशीर पांढऱ्या पेटीतलं असतं. डांबरी रस्त्यावर किंवा टिनाच्या छपराखाली शरीराला जाणवतं ते याहून बरंच जास्त असतं, कारण तिथे ऊन आणि तापलेला पृष्ठभागही अंगावर उष्णता फेकतो. उलट, एखादं स्वयंचलित केंद्र भलताच आकडा दाखवतं तेव्हा घाबरू नका. मे २०२४ मध्ये नागपूरला ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर फिरली. तो सेन्सरचा दोष होता, हे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं.

मैदानी भागासाठी उष्णतेच्या लाटेची सरकारी व्याख्या अशी आहे: कमाल तापमान किमान ४० आणि ते नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त, किंवा सरळ ४५ अंश. ४७ झालं की तीव्र लाट. पण शरीराला ही रेघ कळत नाही. भारतातल्या १० शहरांतल्या २००८ ते २०१९ मधल्या ३६ लाख मृत्यूंचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सलग दोन दिवस अतिउष्ण गेले की रोजच्या मृत्यूंत सरासरी १४.७ टक्के वाढ दिसली. त्यात पुणे, मुंबई होते, नागपूर नव्हतं. तरी मुद्दा इथेही तोच: उष्णता साचत जाते, म्हणून लाटेच्या पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जास्त लक्ष हवं.

दुपारी नुसता पंखा लावला तर भागेल का?

मे महिन्यात नाही, आणि अनेकांना हे उत्तर पटत नाही. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. हवा ३५ च्या खाली असेल तर तिच्या झोताने शरीर थंड होतं. ४० च्या वरची कोरडी हवा अंगावर आदळली तर ती भट्टीतल्या झोतासारखी उष्णता आत ढकलते. घाम तसाही लगेच वाळत असतो, त्यामुळे पंख्याने त्यात फारशी भर पडत नाही. २०१९ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रतेत हे तपासलं. पंख्याखाली बसलेल्यांचं आतलं तापमान आणि हृदयावरचा ताण वाढला. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत मात्र पंख्याने फायदा झाला. पुढे २०२४ मध्ये वयस्कर लोकांवर ४५ अंश, १५ टक्के आर्द्रता अशी, म्हणजे अगदी नागपूरच्या दुपारीसारखी परिस्थिती ठेवून प्रयोग झाला. त्यातही पंख्याने हृदयावरचं ओझं वाढलं. पंखा न लावता अंग ओलं ठेवलं तेव्हा ते कमी झालं.

म्हणून वीज गेली, कूलर बंद पडला, खोली ४० च्या वर गेली तर ओलं फडकं मान, हात, पाय, पोटऱ्यांवरून दर पाच-दहा मिनिटांनी फिरवा. सुती बनियन किंवा पातळ सुती साडी ओली करून अंगावर ठेवली तरी चालते. वाळली की पुन्हा ओली करायची. पाय घोट्यापर्यंत साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून बसणंही बरं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पंखा खुशाल लावा, तेव्हा तोच कामाचा.

कूलर लावूनही खोली चिकट होते. काय चुकतं?

बहुतेक वेळा खिडकी बंद असते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो आणि पाणी वाळताना ती थंड होते. बाहेर ४५ अंश आणि ओल्या फडक्याचं तापमान २४ असेल, तर बऱ्या स्थितीतला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देतो. पण ती हवा दमट असते. तिला बाहेर जायला वाट दिली नाही तर खोली तासाभरात ओलसर होते आणि अंगावरचा घाम वाळायचा थांबतो. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. कूलर स्वतः बाहेरच्या हवेत, खिडकीत बसवलेला हवा. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हापुन्हा ओढत राहतो.

दुसरी चूक ताट्यांची. बोअरचं पाणी जड असेल तर महिन्याभरात वाळ्यावर पांढरा थर चढतो, पाणी एकाच बाजूने वाहतं आणि कोरड्या राहिलेल्या भागातून गरम हवा सरळ आत येते. हात लावून बघा: ताटी वरपासून खालपर्यंत सारखी ओली हवी. नसेल तर आधी वरच्या नळीची छिद्रं तारेने मोकळी करा, मग टुल्लू पंपाची जाळी साफ करा. तरीही कोरडे पट्टे राहिले तर ताटी बदला.

कूलरचा शॉक कसा टाळायचा?

विदर्भात दर उन्हाळ्यात या शॉकने माणसं दगावतात, लहान मुलंही. पत्र्याची टाकी, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय, सगळं एकाच जागी जमतं. पाणी भरण्याआधी बटण बंद करा आणि प्लगही काढा, कारण सैल वायरिंगमध्ये नुसत्या बटणाचा भरवसा नसतो. तीन पिनांचाच प्लग वापरा आणि त्याचं अर्थिंग खरोखर जमिनीत उतरलं आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली असेल तर गळतीचा प्रवाह लागताच वीज क्षणात तुटते. कूलरच्या किमतीपुढे तिचा खर्च फार नाही, आणि या पानावरच्या सगळ्या खर्चांत हा आम्ही पहिला धरू. टाकीला चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच पाडा.

उन्ह लागलं हे ओळखायचं कसं?

थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम ही उष्णतेच्या त्रासाची लक्षणं. सावलीत नेलं, पाणी दिलं, कपडे सैल केले की अर्ध्या तासात माणूस सावरतो. पण बोलणं विस्कळीत झालं, माणूस चिडून असंबद्ध बोलू लागला, झोक जाऊ लागला, फिट आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम सुरू झालेला असतो. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज जीव घेतो. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याचं अंग उष्माघातातही घामाने निथळत असू शकतं. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका, तो आतल्या तापमानापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. वागण्यातला बदल हीच खरी खूण.

रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचं?

१०८ ला फोन लावा, आणि फोन चालू असतानाच अंग थंड करायला लागा. या बाबतीत संशोधन अगदी स्पष्ट आहे: पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर माणूस बहुधा वाचतो, उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांना इजा होत जाते. त्याला गाडीत घालून मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत पळवायचं आणि वाटेत ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं काहीच करायचं नाही, ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

सावलीत आडवं करा, वरचे कपडे काढा. डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा. एखादा तांब्या नव्हे, बादल्या. माठाचं पाणी असेल तर उत्तम, नळाचं कोमट असलं तरी चालेल. एकाने ओतायचं, दुसऱ्याने पुठ्ठ्याने किंवा पंख्याने जोरात वारा घालायचा. वर पंखा नको म्हटलं आणि इथे हवा म्हणतो, कारण इथे अंग सतत ओलं आहे आणि नागपूरच्या कोरड्या हवेत ते पाणी झपाट्याने वाळून उष्णता ओढून नेतं. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. बांधकामावर किंवा शेतात ताडपत्री असेल तर माणसाला तिच्यात ठेवून चारी कडा उचलून धरा, पाणी-बर्फ ओता आणि हलवत राहा. उन्हात तरुण धावपटूंना वाचवायला हीच पद्धत वापरतात. म्हाताऱ्या, अशक्त माणसाला मात्र ओतणं आणि वारा घालणंच बरं.

ओली चादर अंगावर टाकून निघून जाऊ नका. दोन मिनिटांत ती अंगाइतकी गरम होते आणि मग पांघरुणासारखी उष्णता कोंडते. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो फुप्फुसात जातो. पॅरासिटामॉल देऊ नका: ते तापात मेंदूने वर नेलेली पातळी खाली आणतं, इथे ती पातळी वर गेलेलीच नसते. माणूस नीट बोलू लागला, थंडीने कुडकुडू लागला की ओतणं थांबवा. सावरला तरी दवाखाना चुकवू नका, मूत्रपिंडाची इजा दोन दिवसांनीही वर येते.

खिशात कांदा?

खिशातल्या कांद्याने शरीराचं तापमान कमी होतं असा पुरावा नाही. खाल्ल्याने नुकसान नाही. पण उष्माघात झालेल्या माणसाच्या तळपायाला कांद्याचा रस चोळत बसलात तर पाणी ओतायची मोलाची मिनिटं जातात.

ओआरएस रोज प्यायचं का?

नाही. ओआरएस सरबत नाही, औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ नंतरच्या प्रमाणानुसार एका लिटरच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं, एकूण २०.५ ग्रॅम. ग्लुकोज चवीसाठी नसतं. आतड्यात ते सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यावर हेच वापरून हजारो जीव वाचवले.

एका लिटर द्रावणात साधारण १.७ ग्रॅम सोडियम जातं. दिवसभराची शिफारस २ ग्रॅमच्या आत राहण्याची आहे. जुलाब, उलट्या किंवा उन्हात तासन्‌तास घाम गाळल्यावर ते योग्य. घरात कूलरसमोर बसून रोज प्यायचं नाही, रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर नाहीच.

नेहमी दिसणारी चूक म्हणजे एक लिटरचं पाकीट एका पेल्यात घोळणं. द्रावण घट्ट झालं की आतड्यात उलटं पाणी ओढलं जातं, जुलाब वाढतात. पाकिटावर किती पाणी लिहिलं आहे ते वाचा, कारण लहान पाकिटंही मिळतात. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलेलं फेका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडण्यापेक्षा किंचित कमी पडलेलं बरं. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यावरचं ‘ओआरएस’ हे नाव फसवं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने प्रमाणात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली.

मग रोज काय प्यायचं? चहा बंद करायचा का?

पाणी, पातळ ताक, पन्हं, आंबील. पन्ह्यात साखर-गूळ बेताचा असावा. चहा बंद करायची गरज नाही. २०१६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात चहा, कॉफी आणि पाणी पिणाऱ्यांच्या लघवीत चार तासांनी फरक दिसला नाही. दूध आणि ओआरएस मात्र शरीरात पाण्यापेक्षा जास्त टिकलं. ताक-भाकर खाऊन शेतावर जाणाऱ्यांचा हिशेब त्यामुळे बरोबरच होता.

उन्हात काम करताना दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, पण तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नका. मिठाशिवाय नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि भोवळ, उलट्या, गोंधळ ही उष्माघातासारखीच लक्षणं दिसतात. लघवी फिकट पिवळी असेल तर प्रमाण ठीक आहे.

कळमना बाजारातले हमाल, बांधकाम मजूर उन्हाला सरावतात, हे खरं का?

खरं, आणि मोजता येणारं. रोज उष्णतेत काम केलं की ७ ते १४ दिवसांत घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणूनच कामावरच्या मृत्यूंत पहिल्या काही दिवसांतली माणसं जास्त असतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण वेळेच्या फक्त २० टक्के द्यावं, मग रोज २० टक्क्यांनी वाढवावं. जुना माणूस गावाहून पंधरा दिवसांनी परतला तर ५०, ६०, ८० आणि मग १०० टक्के. लग्नसराईनंतर परतलेला मजूर पहिल्याच दिवशी दुपारी स्लॅबवर चढवणं ठेकेदारांनी सोडायलाच हवं.

उन्हात राबून अंग दुखलं की घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. मध्य अमेरिकेतल्या ऊस कामगारांत मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण मोठं होतं. निकाराग्वात सावली, सक्तीची विश्रांती आणि पाणी यांची शिस्त लावल्यावर इजा कमी झाली. गर्भवती बायकांनी दुपारचं उन्हातलं काम टाळावं. तमिळनाडूत ८०० गर्भवतींवर झालेल्या अभ्यासात कामावर तीव्र उष्णता सोसणाऱ्यांत गर्भ गमावण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला.

कोणत्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावं?

लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं, बीटा ब्लॉकर, मानसिक आजारांवरची काही औषधं, लिथियम. काही घाम अडवतात, काही शरीरातलं पाणी कमी करतात. मनाने बंद करू नका. मार्चमध्येच डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्या.

फ्रिज नाही. इन्सुलिन माठात ठेवलं तर?

चालतं. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीच्या तापमानांवर आधारलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. २५ ते ३७ अंशांत चढ-उतार होत असतानाही इन्सुलिन चार आठवडे गुणकारी राहिलं. नागपूरच्या मे महिन्यात घर ३७ च्या वर जातं, म्हणून माठ लागतो. मोठ्या मातीच्या भांड्यात वाळू भरा, त्यात लहान मातीचं भांडं बसवा, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करा. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आतल्या भांड्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. सावलीत आणि वारा लागेल अशी जागा हवी. पावसाळ्यात माठ नीट गार होत नाही, पण तेव्हा खोलीही तितकी तापत नाही. बर्फाला चिकटून गोठलेली कुपी वितळली तरी वापरू नका.

रात्री झोपच लागत नाही. छतासाठी काही करता येतं का?

झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. गरम रात्री ते उतरत नाही. ६८ देशांतल्या ४७ हजारांहून जास्त लोकांच्या मनगटी पट्ट्यांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसलं, की ३० अंशांच्या वरच्या रात्री झोप सरासरी १४ मिनिटांनी घटते. वयस्करांची त्याहून जास्त. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ करून अंग अर्धवट ओलं ठेवा.

छत हा मोठा विषय आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. पांढऱ्या लेपाने घरातलं तापमान २ ते ५ अंशांनी उतरतं. मार्चमध्ये छत झाडून-धुऊन वाळवा. कळीचा चुना रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्याने गाळा, चिकटपणासाठी थोडा फेविकॉल मिसळा आणि एकावर एक दोन हात द्या. दुसरा हात पहिल्याला आडवा. भिजताना चुना उकळतो, म्हणून प्लास्टिकच्या पातळ बादलीत भिजवू नका, लहान मुलांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा घाला. डोळ्यात उडाला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन दवाखाना गाठा. धुळीने पांढरेपणा उतरतो, म्हणून एप्रिलअखेर एकदा छत झाडून घ्या. टिनाच्या छपरावर चुना टिकत नाही, तिथे परावर्तक रंगच लावावा.

पावसाळा लागला, कूलरचं काय?

पाणी भरून तसाच ठेवलेला कूलर म्हणजे डेंग्यूच्या डासांचं घर. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून वापरात असताना आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. नुसतं पाणी फेकून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेघेवर भिंतीला चिकटलेली असतात. काथ्याने किंवा ताठ ब्रशने ती रेघ घासा. हंगाम संपताना टाकी घासून उन्हात वाळवा, जुन्या ताट्या जाळण्यापेक्षा पिशवीत बांधून कचरागाडीत द्या. ही अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून पुढच्या मार्चमध्ये पहिलं पाणी भरण्याआधी तीच रेघ पुन्हा एकदा घासा.